इंग्रजांची कुरकुर आणि आपलें मौन

ग्रंथाचें परीक्षण करावें तसें एखाद्या राष्ट्राच्या लोकमताचें परीक्षण करतां येईल काय, असें कोणी आम्हांस विचारल्यास आम्ही होय असेंच उत्तर देऊं. ग्रंथांत एक अर्थ वर दिसतो आणि दुसरा थोडें थांबून वाचणारासच सांपडतो. लोकमताचेंहि तसेंच आहे. आज ज्या लोकमताचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे तें इंग्रज लोकांचें, त्यांच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेविषयींचें आहे. विषय परक्या देशाचा आणि वैद्यकाचा. आम्ही पडलों साहित्याचे अध्यापक. तथापि या मताला गेल्या पाऊणशें वर्षांत कादंबरी, नाटक, रोजनिशी अशीं अनेक रूपें मिळालीं आहेत, आणि त्याचा शेवटचा अध्याय, आमच्या समजुतीप्रमाणें, आपल्याच घरीं येऊन ठेपतो. एवढें कारण आम्हांस पुरेसें वाटतें.

ब्रिटनमध्यें १९८३ पासून लोकांच्या सामाजिक मतांची एक नियमित पाहणी होत असते. आरोग्यसेवेच्या कारभाराविषयीं आपण समाधानी आहां कीं असमाधानी, हा तींतला एक ठरलेला प्रश्न आहे. २०१० सालीं शेंकडा ७० लोकांनीं समाधान व्यक्त केलें होतें. २०२३ सालीं तें प्रमाण २४ वर आलें, आणि २०२४ सालीं २१ वर. पाहणी सुरू झाल्यापासून इतका नीचांक तोंवर कधींहि आला नव्हता. उघड असमाधान सांगणारांचें प्रमाण शेंकडा ५९ झालें. एवढेंच वाचून कोणीहि म्हणेल कीं, ही संस्था लोकांच्या मनांतून उतरली. परंतु पुढचें पान उलटावें. ही सेवा गरजेच्या वेळीं विनामूल्य मिळावी हें तत्त्व आजहि राखावें काय, या प्रश्नास त्याच पाहणींत शेंकडा ९० लोकांनीं होकार दिला. ती मुख्यतः करांच्या उत्पन्नांतून चालावी, असें शेंकडा ८० लोकांनीं सांगितलें. घर गळतें अशी ओरड एकीकडे, आणि घर सोडण्यास साफ नकार दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

या विसंगतीचा उलगडा दोन प्रकारांनीं करण्याची रीत पडली आहे. हुजूर पक्षाकडे झुकलेले लेखक म्हणतात, ही इंग्रजांची अंधश्रद्धा होय. त्या पक्षाचे एक माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनीं, आरोग्यसेवा हा इंग्रजांचा जवळजवळ धर्मच होऊन बसला आहे अशा आशयाचे उद्गार काढले होते, आणि ते तेव्हांपासून असंख्य लेखांतून फिरत आहेत. दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात, लोकांची तक्रार अस्सल नाहींच. ती वृत्तपत्रांनीं व खाजगी धंदेवाल्यांनीं पेटविलेली आहे. आम्हांस दोन्ही उलगडे आळशी वाटतात. पहिल्यानें लोकांचें प्रेम वेडगळ ठरविलें आहे, दुसऱ्यानें लोकांचा राग. प्रेम व राग दोन्ही खरे धरून वाचल्यास काय अर्थ निघतो हें पाहणें, हेंच परीक्षकाचें काम आहे.

येथें आमची स्वतःची एक लहानशी हकीकत सांगतों. २०२३ च्या जानेवारींत आम्ही उभयतां उत्तर इंग्लंडांतील एका गांवीं आमच्या भाचीकडे उतरलों होतों. भाची तेथेंच डॉक्टर आहे. एका सकाळीं दाराच्या गोठलेल्या पायरीवरून सौभाग्यवतींचा पाय घसरला आणि उजवें मनगट मोडलें. तातडीच्या विभागांत आम्ही दुपारीं एकच्या सुमारास जाऊन बसलों, ते रात्रीं आठ वाजतां हातास प्लॅस्टर घालून घेऊन बाहेर पडलों. आम्ही परदेशचे पाहुणे. परंतु त्या विभागांत उपचाराचा दाम कोणासहि मागत नाहींत, आम्हांसहि मागितला नाहीं. शेजारच्या खुर्चीवर पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. आयुष्यभर त्यांनीं बस हांकली होती. सहा तास त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता: डॉक्टर पुरेसे नाहींत, खाटा कमी, खुर्च्या मोडक्या, मंत्री खोटे बोलतात, पूर्वीं असें नव्हतें. त्यांस बरें वाटावें म्हणून आम्ही सहज म्हणालों, "तर मग अमेरिकेप्रमाणें विम्याची पद्धत आणलेली बरी नव्हे काय?" गृहस्थ एकदम गप्प झाले. त्यांच्या मातुःश्रींविषयीं आम्ही कांहीं अनुचित बोललों असावों, अशा नजरेनें त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. "छे हो! ही आमची आहे. चाळीस वर्षें मीं तिच्यासाठीं पैसे भरले आहेत." एवढें बोलून ते पुन्हां मोडक्या खुर्च्यांकडे वळले.

पाहणीच्या आंकड्यांत जें कोडें दिसतें तें या म्हाताऱ्याच्या बोलण्यांत मुळींच दिसत नाहीं. वस्तु आपली आहे आणि तिच्यासाठीं आपण पैसे मोजले आहेत, म्हणूनच तिच्यांतील दोष त्यास असह्य होतात. अन्नछत्रांत जेवणारा मनुष्य भात कच्चा राहिला म्हणून भांडत नाहीं. भांडतो तो वर्गणी भरून खाणावळींत जेवणारा. इंग्रजांची कुरकुर हें त्यांच्या मालकीचें बोलणें आहे, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे शेंकडा २१ आणि शेंकडा ९० हे आंकडे एकमेकांस छेदीत नाहींत.

ही मालकीची भावना कोठून आली हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. दुसरें महायुद्ध ऐन रंगांत असतां, १९४२ च्या अखेरीस, सर विल्यम बेव्हरिज यांनीं आपला सुप्रसिद्ध अहवाल सादर केला. या गृहस्थांचा जन्म बंगालमधील रंगपूरचा. वडील तेथें मुलकी नोकरींत होते. राष्ट्रव्यापी आरोग्यसेवा असावी ही कल्पना त्या अहवालांत गृहीतच धरलेली होती. ती प्रत्यक्षांत आणली मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनीं, ५ जुलै १९४८ रोजीं. बेव्हन हे दक्षिण वेल्समधील ट्रेडीगर या कोळशाच्या गांवचे, लहानपणींच खाणींत उतरलेले. त्या गांवीं खाणकामगारांनीं आपल्या मजुरींतून आठवड्यास कांहीं पेन्स कापून देऊन एक वैद्यकीय सहायक मंडळी चालविली होती. डॉक्टर त्या मंडळीचे नोकर असत. ट्रेडीगरच्या लोकांस जें मिळतें तेंच सर्व देशास द्यावें, एवढाच आपला मनोदय होता, असें बेव्हन सांगत. १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचें नांवच मुळीं भयाची जागा दुसऱ्या कशानें तरी भरून काढण्याविषयींचें आहे. आजाराचें भय वेगळें आणि आजाराच्या बिलाचें भय वेगळें. यांपैकीं दुसरें भय कायद्यानें घालवितां येतें, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे.

ज्यांना त्या भयाचें स्वरूप पाहावयाचें असेल त्यांनीं ए. जे. क्रोनिन यांची 'द सिटाडेल' ही १९३७ सालची कादंबरी वाचावी. क्रोनिन स्वतः डॉक्टर होते व ट्रेडीगर येथें त्यांनीं कांहीं काळ काम केलें होतें. कादंबरीचा नायक अँड्रू मॅन्सन वेल्समधील खाणींच्या गांवीं येतो, विषमज्वर फैलावणारें तेथील गटार आपल्या सहकाऱ्याबरोबर सुरुंग लावून उडवून देतो, आणि पुढें लंडनांत श्रीमंतांच्या कल्पित दुखण्यांवर पैसा मिळवूं लागतो. एका अडाणी पण प्रतिष्ठित शल्यविशारदाच्या हातून एक साधा दुकानदार शस्त्रक्रियेच्या मेजावर मरतो, तेव्हां मॅन्सनचे डोळे उघडतात. कलेच्या दृष्टीनें ही कादंबरी पहिल्या प्रतीची नाहीं. पात्रें ठोकळेबाज आहेत आणि शेवटाकडे योगायोग फार होतात. परंतु तिच्यांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कामगारांच्या वैद्यकीय मंडळीचें चित्र क्रोनिन यांनीं गुलाबी रंगांत काढलेलें नाहीं. आजारी नसतांना आजारीपणाचा दाखला मागणारे खाणकामगार आहेत, आणि संशोधन करणाऱ्या डॉक्टरास जाब विचारणारी संकुचित कमिटीहि आहे. लोकांच्या मालकीची संस्था कशी चिडखोर व कटकटी असते, हें आरोग्यसेवेच्या जन्मापूर्वीं अकरा वर्षें लिहून ठेवलेलें आहे. जी कुरकुर आज ऐकूं येते ती संस्थेबरोबरच जन्मास आली.

सेवा सुरू होऊन एकवीस वर्षें झाल्यावर, १९६९ सालीं, पीटर निकोल्स यांचें 'द नॅशनल हेल्थ' हें नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरनें रंगभूमीवर आणलें. पुरुषांच्या एका सार्वजनिक वॉर्डांत तें घडतें. रोगी एकामागून एक मरतात, दमलेल्या डॉक्टरीणबाई उभ्याउभ्या झोपतात, आणि वॉर्डांतील एक सेवक विदूषकी थाटांत प्रेक्षकांशीं थट्टामस्करी करीत प्रेतें हलवितो. याच नाटकांत मधूनमधून दुसरें एक नाटक चालतें: देखणा डॉक्टर, सुंदर परिचारिका, प्रेम, त्याग आणि यशस्वी शस्त्रक्रिया अशी भडक रंगाची एक इस्पितळी प्रेमकथा. आमच्या मतें इंग्रज लोकमतावर याहून मार्मिक टीका दुसऱ्या कोणीं केलेली नाहीं. राष्ट्र एका इस्पितळांत पडून असतें आणि दुसरेंच इस्पितळ पडद्यावर पाहून डोळे पुसत असतें. निकोल्स यांचा राग सेवेवर नाहीं. सेवेची पूजा करून तिच्याकडे पाहण्याचें टाळणाऱ्या भाबडेपणावर आहे.

त्यानंतर अर्धें शतक लोटलें आणि २०१७ सालीं ॲडम के यांची 'धिस इज गोइंग टु हर्ट' ही रोजनिशी प्रसिद्ध झाली. २००४ ते २०१० या काळांत प्रसूतिविभागांत कनिष्ठ डॉक्टर म्हणून काढलेल्या दिवसांची ती हकीकत आहे. पुस्तक अतिशय विनोदी आहे, आणि त्याचा विनोद पुष्कळदां रुग्णांच्या लज्जेस न जपणारा आहे; तो दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु वाचक हंसत हंसत शेवटच्या पानांशीं येतो तेव्हां एक शस्त्रक्रिया बिघडते, मूल दगावतें, आणि लेखक कोणाचाहि स्पष्ट दोष नसतां तें ओझें घेऊन व्यवसाय कायमचा सोडून जातो. निकोल्स यांनीं खाटेवरून जें दाखविलें तें के यांनीं खाटेच्या कडेला उभे राहून दाखविलें आहे. सेवेंतील माणसें सेवा का सोडतात, हा प्रश्न त्यांनीं लाखों वाचकांच्या घरांत नेला.

आतां ज्या सेवेविषयीं हें सर्व लिहिलें गेलें तिची आर्थिक बाजू थोडक्यांत पाहिली पाहिजे. कारण कुरकुरीचें मूळ तेथें आहे. सेवा सुरू होऊन तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं तों, कोरियाच्या युद्धासाठीं शस्त्रास्त्रांवर पैसा हवा म्हणून, सरकारनें चष्मे व दातांच्या कवळ्या यांवर आकार बसविला. १९५१ च्या एप्रिलांत बेव्हन यांनीं या प्रश्नावर राजीनामा दिला. पुढच्याच वर्षीं औषधाच्या चिठ्ठीस एक शिलिंग पडूं लागला. सेवेंत उधळपट्टी होत आहे अशी ओरड झाल्यावर १९५३ सालीं हुजूर पक्षाच्या सरकारनें केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ गिलबो यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी समिति नेमली. उधळपट्टी शोधावयास गेलेल्या या समितीनें १९५६ सालीं जें सांगितलें तें उलटेंच होतें: राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानें सेवेवरील खर्च वाढलेला नसून घटला आहे, आणि इस्पितळांच्या इमारतींवर होणारा खर्च फारच अपुरा आहे. अडुसष्ट वर्षांनीं, २०२४ च्या सप्टेंबरांत, लॉर्ड डार्झी या शल्यविशारदांनीं सरकारास जो अहवाल दिला त्यांतहि इमारतींचें तेंच रडगाणें आहे. तोलामोलाच्या इतर देशांच्या मानानें इंग्लंडनें इमारती व यंत्रसामग्री यांवर ३७ अब्ज पौंड कमी खर्च केले, आणि गांवोगांवच्या डॉक्टरांचे पांचांपैकीं एक दवाखाने १९४८ च्याहि पूर्वींच्या इमारतींत आहेत, असें त्यांनीं नमूद केलें आहे.

दरम्यानच्या काळांत खर्चाची ओघवती गति अशी होती: महागाई वजा जातां सेवेचा निधि पूर्वीं सरासरीनें दरसाल शेंकडा साडेतीनच्या आसपास वाढत असे, २०१० नंतरच्या दशकांत ती वाढ एकाच्या आसपास आली. याचे परिणाम लोकांस आंकडेमोड न करतां समजले. तातडीच्या विभागांत आलेल्या शंभरांपैकीं पंच्याण्णव रुग्णांचा चार तासांत निकाल लागावा, हा नियम इंग्लंडांत २०१५ च्या जुलैनंतर एकदांहि पाळला गेला नाहीं. शस्त्रक्रिया इत्यादि उपचारांसाठीं ताटकळणाऱ्या प्रकरणांची यादी २०२३ च्या सप्टेंबरांत सत्याहत्तर लाखांवर गेली होती. उलट २००० नंतरच्या दशकांत सरकारनें सेवेसाठीं म्हणून उघडपणें करभार वाढविला, पैसा ओतला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस समाधानाचा आंकडा सत्तरावर पोंचला. लोकमत लहरी असतें असें म्हणणारांनीं हे दोन काळ शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. इतकें सरळ उत्तर देणारें लोकमत आम्हांस दुसरें माहीत नाहीं.

येथपर्यंत आम्हीं इंग्रज लोकमताची बाजू घेतली. परंतु परीक्षण म्हटलें कीं दोषहि सांगितले पाहिजेत, आणि दोन दोष मोठे आहेत.

पहिला दोष हा कीं, हें प्रेम बोलण्यांत सढळ आणि देण्यांत आखडतें आहे. २०२४ च्या पाहणींत सरकार सेवेवर फार कमी खर्च करतें असें म्हणणारे शेंकडा ६९ होते. परंतु कर वाढवून सेवेवर अधिक खर्च करा असें म्हणणारे शेंकडा ४६ च निघाले, आणि कर आहे तसाच ठेवा म्हणणारे ४१. सेवेचा पैसा काटकसरीनें खर्चिला जातो असें मानणारे तर अवघे १४ होते, ही त्यांची सबब आहे आणि ती अगदींच खोटी नाहीं. तथापि २०२० च्या वसंतांत सबंध राष्ट्र दर गुरुवारीं सायंकाळीं दारांत उभे राहून डॉक्टर-परिचारिकांसाठीं टाळ्या वाजवीत होतें. असे दहा गुरुवार झाले. १५ डिसेंबर २०२२ रोजीं त्याच परिचारिकांच्या संघटनेनें पगारासाठीं आपल्या इतिहासांतील सर्वांत मोठा संप केला. आमच्या भाचीनें तेव्हां एवढेंच म्हटलें, "मामा, टाळ्यांनीं घरभाडें भागत नाहीं." कृतज्ञता ही देणें चुकविण्याची युक्ति होऊं शकते, हें त्या लोकांस कोणी तरी सांगावयास हवें.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पूजा वाढली कीं तक्रार करणारा पाखंडी ठरतो. स्टॅफर्ड येथील रुग्णालयांत २००५ ते २००९ या काळांत जें घडलें त्याची सार्वजनिक चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस या कायदेपंडितांनीं केली. त्यांचा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. तहानलेल्या वृद्धांच्या हातीं पाण्याचा पेला पोंचत नव्हता, मळलेल्या अंथरुणांत रुग्ण तासन्‌तास पडून राहत होते, आणि व्यवस्थापक जमाखर्चाचीं व ठराविक उद्दिष्टांचीं कोष्टकें भरण्यांत गुंग होते. रुग्णांचे नातेवाईक ओरडत होते, पण त्यांचें ऐकणारा कोणी नव्हता. कागदोपत्रीं सर्व ठीक होतें. सेवेवर प्रेम करणें म्हणजे तिच्याविरुद्ध कांहीं ऐकून न घेणें, असा समज झाल्यास काय होतें, हें या प्रकरणावरून दिसतें.

हुजूर पक्षाचे इनॉक पॉवेल हे १९६० ते १९६३ आरोग्यमंत्री होते. पुढें १९६६ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनीं एक चतुर निरीक्षण केलें आहे. सर्व पैसा सरकारी तिजोरींतून येत असल्यामुळें सेवा घेणारे तर राहोतच, पण सेवेंत काम करणारे देखील तिची निंदा करण्यांतच आपलें हित पाहतात; कारण निंदा केल्याखेरीज अधिक पैसा सुटत नाहीं. पॉवेल यांनीं हें या पद्धतीचें व्यंग म्हणून सांगितलें. आम्हांस तें तिचें नाडीपरीक्षण वाटतें. बाजारांत माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें व दुकानदारास तें समजतें. जेथें दुसरें दुकान नाहीं तेथें ओरडणें हाच संदेश पोंचविण्याचा मार्ग. मात्र ओरडणारा मनुष्य असा हवा कीं ज्याचें ओरडणें ऐकल्यावांचून सरकारास गत्यंतर नाहीं. इंग्लंडांत वकील, अध्यापक, संपादक, पार्लमेंटचे सभासद आणि बसचालक हे एकाच तातडीच्या विभागांत येऊन बसतात. पुढाऱ्याच्या आईचें मांडीचें हाड मोडलें तर तीहि त्याच रांगेंत असते. सेवेचें खरें संरक्षण हेंच आहे. करोनानंतर त्या देशांतहि खिशांतले पैसे भरून खाजगी शस्त्रक्रिया करून घेणारांचें प्रमाण वाढलें आहे. ही गोष्ट आम्हांस शेंकडा २१ या आंकड्याहून अधिक भयसूचक वाटते.

असें वाटण्याचें कारण अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञांच्या १९७० सालच्या एका छोटेखानी पुस्तकांत आहे. नायजेरियाची सरकारी रेल्वे इतकी गचाळ का राहिली, या प्रश्नापासून त्यांचा विचार सुरू झाला. मालवाहू मोटारींची स्पर्धा असतां रेल्वे सुधारावयास हवी होती. पण झालें उलटें. ज्यांच्या तक्रारीस वजन होतें ते व्यापारीच मोटारींकडे निघून गेले. मागें उरले ते असे कीं, ज्यांचा आवाज कोणाच्या कानीं जात नाहीं. ओरडणारे निघून गेल्यावर रेल्वेंत शांतता झाली, आणि त्या शांततेंत ती कुजली.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, आम्ही आतां इंग्लंडाविषयीं बोलत नाहीं.

ज्या वर्षांत बेव्हरिज यांच्या अहवालाचें बेव्हन यांच्या कायद्यांत रूपांतर होत होतें, त्याच वर्षांत आपल्याकडेहि एक समिति बसली होती. नाशकास जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले सर जोसेफ भोर हे तिचे अध्यक्ष. १९४३ सालीं नेमलेल्या या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला, आणि पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि योग्य उपचारास मुकूं नये, हें तत्त्व त्यांत स्पष्ट घातलें. तत्त्व तेंच, काळ तोच. पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. राष्ट्रीय आरोग्य हिशेबांप्रमाणें २०२१-२२ सालीं सर्व सरकारांनीं मिळून आरोग्यावर केलेला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा १.८४ होता, ब्रिटनमध्यें तो याच्या चौपटीहून अधिक असतो. त्याच वर्षीं आपल्या देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं शेंकडा ३९.४ लोकांनीं थेट आपल्या खिशांतून भरला. आणि आमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉक्टर कित्येक दशकें इंग्लंड-वेल्सच्या खाणींच्या व गिरण्यांच्या गांवांतले दवाखाने संभाळीत आले आहेत. आमची भाची त्याच वाटेनें गेली.

इतकें असून आपल्या सुशिक्षित वर्गांत या गोष्टीबद्दल कुरकुर किती ऐकूं येते? सिव्हिल हॉस्पिटलांत खाटा कमी आहेत म्हणून आपल्यापैकीं कोणीं वर्तमानपत्रास पत्र लिहिल्याचें कोणास आठवतें काय? आम्हांस स्वतःचें तरी आठवत नाहीं. १९९८ सालीं आमचे तीर्थरूप जिल्ह्याच्या गांवीं छातींत कळ येऊन पडले. सिव्हिल हॉस्पिटल घरापासून अर्ध्या मैलावर होतें. आमची रिक्षा त्याच्या फाटकावरून सरळ पुढें एका खाजगी इस्पितळाकडे गेली, आणि थांबावें असा विचार देखील आमच्या मनांत आला नाहीं. बारा दिवसांच्या बिलांत मातुःश्रींच्या पाटल्या गेल्या. तीर्थरूप घरीं आले, आणि आम्हीं देवाचे आभार मानले.

त्याच महिन्यांत आमच्या महाविद्यालयाचे शिपाई आमच्याकडे आले. त्यांचा धाकटा भाऊ, आम्ही ज्या फाटकावरून पुढें गेलों होतों त्याच्या आंत, तीन दिवस ओसरीवर चटई टाकून पडला होता. "सर, आपली ओळख असेल तर एक चिठ्ठी द्या," असें ते म्हणाले. तेथें आमचा एक विद्यार्थी डॉक्टर होता. आम्हीं चिठ्ठी दिली. संध्याकाळपर्यंत खाट मिळाली. शिपाईबुवांनीं आमचे पाय धरले, आणि परोपकार केल्याच्या समाधानांत आम्ही त्या रात्रीं स्वस्थ झोपलों. ती खाट दुसऱ्या कोणाची तरी होती हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें. खाटा इतक्या कमी का, हें विचारण्याचें तर आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

इंग्रज बसचालकाजवळ तक्रार होती. आमच्याजवळ ओळख होती, आणि शिपाईबुवांजवळ आमचे पाय होते. तिघांच्या स्थितींतील फरक हा केवळ संपत्तीचा नाहीं. पहिला हक्कानें बोलतो, दुसरा हक्क सोडून वशिला वापरतो, तिसऱ्यास दोन्ही नसल्यानें तो हात जोडतो. आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय लोक सरकारी दवाखान्याच्या फाटकावरून पुढें निघून गेलों, तेव्हां आपला आवाजहि बरोबर घेऊन गेलों, आणि मागें राहिलेल्यांना मुकें करून गेलों. सरकारी दवाखाने वाईट म्हणून आपण तेथें जात नाहीं असें आपण म्हणतों. तें खरें आहे. पण आपण जात नाहीं म्हणूनहि ते वाईट राहिले, हें तितकेंच खरें आहे.

याचा अर्थ उद्यां छातींत कळ आल्यास प्रत्येकानें तत्त्वासाठीं ओसरीवर चटई टाकावी, असा नाहीं. आजाऱ्याच्या जिवावर कोणीं प्रयोग करूं नये. परंतु निरोगी मनुष्यास कर भरतांना, मत देतांना, लेखणी हातीं धरतांना या दवाखान्यांची आठवण ठेवण्यास कोणती अडचण आहे? त्यांच्या अंदाजपत्रकाची चर्चा आपल्या व्याख्यानमालांत का होऊं नये? मुलाची साधी लस, खोकल्याचें औषध, रक्ताची तपासणी, एवढ्यापुरतें तरी त्या फाटकाच्या आंत जाऊन रांगेंत उभे राहण्यास, आणि रांग वाईट असल्यास तसें मोठ्यानें म्हणण्यास, आपल्यापैकीं बहुतेकांस धोका कांहींच नाहीं.

गेल्या श्रावणांत आम्ही आमचा रक्तदाब तपासण्यासाठीं त्याच सिव्हिल हॉस्पिटलांत प्रथमच आंत गेलों. दोन तास लागले. पंखा बंद होता, आणि बसावयास एकच बांक होतें. आम्हीं घरीं येऊन जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस एक पत्र लिहिलें. उत्तर आलेलें नाहीं. दुसरें पत्र आम्ही या आठवड्यांत लिहिणार आहों.